शहराच्या हातात काय आहे? अमेरिकेत स्थलांतरितांच्या हक्कांसाठी सिटी कौन्सिलकडून काम कसं करून घ्यावं

अमेरिकेत कोणाला राहू द्यायचं आणि कोणाला परत पाठवायचं, हे फेडरल सरकार ठरवतं. शहराला तो अधिकार नाही, आणि फेडरल अधिकाऱ्यांना त्यांचं काम करण्यापासून अडवण्याचाही नाही. पण पोलिसाने गाडी थांबवल्यावर काय विचारावं, लायब्ररीच्या फॉर्मवर कोणते रकाने असावेत, पोलीस कोठडीतून माणूस कधी सोडावा, गुन्ह्याला बळी पडलेल्या बाईच्या कागदावर किती दिवसांत सही व्हावी, हे सगळं शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठरवतात. स्थलांतरितांचं रोजचं आयुष्य बऱ्याच अंशी याच गोष्टींवर अवलंबून असतं.

शहराच्या सल्लागार समितीवर, शाळेच्या पालक संघटनेत किंवा एखाद्या मंडळात काम करणाऱ्या आणि आपल्या कौन्सिलकडून काहीतरी ठोस पदरात पाडून घ्यायचं आहे अशांसाठी हे लिहिलं आहे. 'आमचं शहर सर्वांचं स्वागत करतं' असा ठराव एका संध्याकाळी पास होतो आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर काहीच बदललेलं नसतं. म्हणून इथे ठरावांपेक्षा फॉर्म, लॉग, सह्या आणि मुदती यांवर भर आहे.

आधी राज्याचा कायदा आणि तुरुंगाची मालकी तपासा

पहिलं काम म्हणजे राज्याचा कायदा वाचणं. ओरेगनने १९८७ सालीच स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनच्या कामापासून दूर ठेवणारा कायदा केला. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयने २०१७ मध्ये, तर वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये तसे कायदे केले. अशा राज्यांत बरंचसं काम आधीच झालेलं असतं. तिथे शहराकडे मागायचं ते अंमलबजावणीचं.

टेक्सासमध्ये उलट परिस्थिती आहे. तिथला २०१७ चा एसबी ४ हा कायदा फेडरल इमिग्रेशन यंत्रणेला सहकार्य न करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांना दंड करतो आणि पदावरूनही काढू शकतो. सीमेवरच्या एल सेनिझो या छोट्या गावाने १९९९ पासून स्थलांतरितांच्या संरक्षणाचा स्वतःचा नियम जपला होता. हे गाव या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलं, पण २०१८ मध्ये पाचव्या सर्किटने (सर्किट म्हणजे विभागीय फेडरल अपील कोर्ट) कायद्याचा बहुतेक भाग कायम ठेवला. फ्लोरिडाने २०१९ मध्ये याच धर्तीचा कायदा केला. अशा राज्यांत पोलिसांवरच्या निर्बंधांचा मसुदा घेऊन कौन्सिलपुढे गेलात तर सिटी अ‍ॅटर्नी पहिल्याच बैठकीत तो बाजूला ठेवतील, आणि ते बरोबरच असेल. पण दारं पूर्ण बंद नसतात. भाषा-सेवा आणि यू व्हिसाच्या (गुन्ह्याला बळी पडलेल्या स्थलांतरितांसाठीचा व्हिसा) सह्या तिथेही मागता येतात. ऑस्टिनने एसबी ४ नंतर २०१८ मध्ये किरकोळ गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका कमी करण्याचा ठराव केला. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

दुसरं काम: तुरुंग कोणाचा आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी तुरुंग काउंटीचा असतो आणि तो शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, चालवतो. शेरीफ स्वतः निवडून आलेला असतो आणि सिटी कौन्सिलला जुमानण्याचं त्याला कारण नसतं. शहराने कितीही चांगला कायदा केला तरी शहराच्या पोलिसांनी पकडलेला माणूस तासाभरात शेरीफच्या ताब्यात जातो. काउंटीने फेडरल सरकारशी २८७(जी) करार केला असेल तर तिथे शेरीफचेच कर्मचारी इमिग्रेशनची चौकशी करतात. म्हणून शहराच्या मसुद्यासोबत काउंटी बोर्डाकडे आणि शेरीफकडे काय मागायचं याची वेगळी यादी हवी. शाळांचंही तसंच. बहुतेक ठिकाणी शाळांचं बोर्ड स्वतंत्र असतं, आणि शहराचा नियम त्यांना लागू होत नाही.

फॉर्मची झाडाझडती

इथे बरंच संरक्षण मिळतं, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं. कारण कायद्यात आहे. १९९६ च्या एका फेडरल तरतुदीनुसार (८ यू.एस.सी. १३७३) नागरिकत्वाची किंवा इमिग्रेशन स्थितीची माहिती फेडरल यंत्रणेला देण्यावर शहर बंदी घालू शकत नाही. पण ही माहिती गोळा केलीच पाहिजे, असं ही तरतूद कुठेच म्हणत नाही. जे विचारलंच नाही आणि लिहिलंच नाही, ते देण्याचा प्रश्न येत नाही. लॉस एंजेलिस पोलिसांचा १९७९ चा विशेष आदेश क्रमांक ४० याच दिशेचा होता: इमिग्रेशन स्थिती शोधून काढण्याच्या हेतूने पोलिसांनी स्वतःहून कारवाई सुरू करू नये.

झाडाझडती अशी करा. सिटी क्लार्ककडे सर्व खात्यांचे चालू फॉर्म मागा, कागदी आणि ऑनलाइन दोन्ही. व्यवसाय परवाना, लायब्ररी कार्ड, उन्हाळी शिबिराची नोंदणी, पाणी-जोडणी, घरभाडे मदत, पोलीस तक्रार, आरोग्य केंद्र, काहीच सोडू नका. एक तक्ता करा आणि प्रत्येक फॉर्ममध्ये हे रकाने आहेत का ते पाहा: नागरिकत्व, जन्मदेश, सोशल सिक्युरिटी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार. मग प्रत्येक रकान्यासमोर खात्याला एकच प्रश्न विचारा: हे विचारायला कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने सांगितलं आहे? कलम सांगता आलं नाही तर रकाना काढायचा. 'आधीपासून आहे' आणि 'सॉफ्टवेअरमध्ये आहे' ही उत्तरं वारंवार येतील. ती स्वीकारू नका.

काही ठिकाणी खरंच कलम असतं. शहराने नोकरीवर घेताना आय-९ हा काम करण्याचा हक्क तपासणारा फॉर्म भरावाच लागतो. काही फेडरल निधीच्या घर योजनांत पात्रता तपासावी लागते. तिथे माहिती घ्या, पण त्या एका फाइलपुरतीच, आणि ती किती दिवस ठेवायची ते लिहून काढा.

रकाना काढल्यावरही गळती राहते ती अशा ठिकाणी:

- शेरा लिहायची मोकळी जागा. फॉर्ममधून नागरिकत्व काढलं, पण समाजसेवा खात्याच्या संगणकात कर्मचारी 'आई कागदपत्रांशिवाय' असं लिहून ठेवतो. प्रशिक्षणात हे वाक्य उदाहरण म्हणून दाखवा आणि त्याऐवजी काय लिहायचं तेही सांगा: 'सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला नाही' एवढं पुरेसं आहे.
- ओळखपत्राच्या स्कॅन प्रती. पाहून परत देणं पुरेसं असताना प्रत काढायची सवय असते. पासपोर्टच्या प्रतीवर व्हिसाचा शिक्काही येतो.
- वेबसाइटवर राहून गेलेले जुने फॉर्म. नवा फॉर्म काउंटरवर असतो, शोधयंत्रातून मात्र तीन वर्षांपूर्वीचा उघडतो.
- शाळेची 'डिरेक्टरी माहिती'. फेडरल नियमांत विद्यार्थ्याचं नाव, पत्ता, जन्मतारीख यांसोबत जन्मस्थळही या यादीत बसतं, आणि पालकांनी हरकत घेतली नाही तर शाळा ती यादी संमतीशिवाय देऊ शकते. त्यात काय ठेवायचं हे शाळा-बोर्ड ठरवतं. जन्मस्थळ काढून टाकायला बोर्डाचा एक ठराव लागतो. हे काम आधी करा, कारण ते स्वस्त आहे आणि त्याला कोणी विरोध करत नाही.

शाळांच्या बाबतीत पाया भक्कम आहे. टेक्सासच्या टायलर गावात कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली जात होती. त्यावरून उभ्या राहिलेल्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं की इमिग्रेशन स्थितीवरून मुलांना सरकारी शाळा नाकारता येत नाही. प्रवेशाच्या वेळी राहण्याचा पुरावा मागणं चालतं, पण तो एकाच प्रकारचा मागू नये. भाडेकरार नावावर नसलेली कुटुंबं खूप असतात. वीजबिल, घरमालकाचं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र यांपैकी काहीही चालेल, असं शाळेने लिहून ठेवलं पाहिजे.

रस्त्यावरच्या नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचाही या तक्त्यात समावेश करा. हे कॅमेरे खाजगी कंपन्यांकडून घेतलेले असतात आणि त्यांची माहिती एका सामायिक जाळ्यात जाते. तिथे दुसऱ्या राज्यातलं पोलीस खातंही शोध घेऊ शकतं. शहराचा कायदा कितीही कडक असला तरी ही शेअरिंगची सोय चालू राहिली तर माहिती मागच्या दाराने जाते. पोलीस प्रमुखांना चार गोष्टी विचारा: कोणाकोणाशी शेअरिंग चालू आहे, माहिती किती दिवस राहते, शोध घेताना कारण लिहावं लागतं का, आणि त्या शोधांचा लॉग कोण तपासतं.

मसुद्यात एक बचावाचं कलम जरूर घाला: 'या कायद्याचा अर्थ ८ यू.एस.सी. १३७३ चा भंग होईल असा लावू नये.' खटला झाला तर या वाक्याचा आधार होतो.

अटक, बोटांचे ठसे आणि ४८ तास

तुरुंगात नोंद करताना घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे. शहराने काहीही ठरवलं तरी ही साखळी तुटत नाही. म्हणून खरा निर्णय त्याच्या आधीचा असतो: अटक करायची की नाही? परवान्याशिवाय गाडी चालवणं, किरकोळ चोरी, परवाना न घेता रस्त्यावर विक्री, अशा बाबतीत जिथे राज्याचा कायदा परवानगी देतो तिथे अटकेऐवजी तिकीट, म्हणजे लेखी नोटीस, देऊन सोडावं, असा लेखी नियम पोलीस खात्याकडून मागा. ऑस्टिनने केलं ते हेच. असा नियम सगळ्या रहिवाशांना लागू होतो, त्यात इमिग्रेशन हा शब्दही येत नाही, आणि त्यामुळे तो टिकतोही जास्त. सर्व मागण्यांत एकच निवडायची वेळ आली तर ही निवडा.

अटक झालीच तर पुढे येतो डिटेनर, म्हणजे आय-२४७ए हा फॉर्म. त्यात आइस ही फेडरल इमिग्रेशन यंत्रणा तुरुंगाला दोन गोष्टी सांगते: सुटकेची वेळ झाल्यावरही या माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आणि सोडण्याआधी आम्हाला कळवा. यावर इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असते, न्यायाधीशाची नसते. सोबत आय-२०० किंवा आय-२०५ नावाचं 'वॉरंट' येतं. त्यावरही न्यायाधीशाची सही नसते.

२०१४ मध्ये तिसऱ्या सर्किटने गलार्झा खटल्यात सांगितलं की डिटेनर ही विनंती आहे, आदेश नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या प्रकरणात तीन दिवस धरून ठेवलेला माणूस अमेरिकेचा नागरिक होता. त्याच वर्षी ओरेगनच्या क्लॅकमस काउंटीविरुद्धच्या खटल्यात फेडरल कोर्टाने ठरवलं की केवळ डिटेनरवर माणसाला धरून ठेवल्याने राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा (गैरवाजवी अटक आणि झडतीपासून संरक्षण) भंग झाला, आणि त्याची जबाबदारी काउंटीवर येते. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की राज्याच्या कायद्यात अशा अटकेचा अधिकारच नाही. शेरीफशी बोलताना माणुसकीचा मुद्दा जरूर मांडा, पण नुकसानभरपाईचा मुद्दा आधी मांडा. काउंटीच्या वकिलाला तो लगेच समजतो.

इथे मसुद्यात नेहमी होणारी चूक अशी: 'डिटेनरवर कोणालाही धरून ठेवणार नाही' एवढंच लिहिलं जातं आणि 'सुटकेची वेळ कळवणार नाही' हे राहून जातं. मग तुरुंग माणसाला वेळेवर सोडतो, पण आधी फोन करतो, आणि आइसचे अधिकारी दाराबाहेर उभे असतात. चार गोष्टी वेगवेगळ्या कलमांत लिहा: धरून ठेवणं, सुटकेची वेळ कळवणं, तुरुंगात मुलाखतीला जागा देणं, आणि कर्मचाऱ्यांचा वेळ किंवा गाड्या वापरू देणं. मुलाखतीबाबत एवढी तरी अट हवी की कैद्याला त्याच्या भाषेत आधी सांगितलं जाईल की नकार देता येतो आणि वकील मागता येतो. सुटकेच्या वेळेबाबतचं कलम लिहिताना १३७३ आडवं येतं का यावर वाद घातला जातो. या तरतुदीत नागरिकत्व आणि इमिग्रेशन स्थितीची माहिती येते, सुटकेची वेळ येत नाही, असं अनेक न्यायालयांनी मानलं आहे. तरीही हे कलम सिटी किंवा काउंटी अ‍ॅटर्नीकडून तपासून घ्या.

गंभीर गुन्ह्यांसाठी अपवाद ठेवा, ही मागणी प्रत्येक कौन्सिलमध्ये होते. अपवाद ठेवावाच लागला तर तो न्यायालयात सिद्ध झालेल्या ठरावीक गुन्ह्यांपुरता ठेवा. केवळ आरोप किंवा पोलिसांच्या टोळी-यादीतलं नाव हा आधार ठेवू नका. शिकागोच्या २०१२ च्या कायद्यात टोळी-यादीचा अपवाद होता. शहराच्याच इन्स्पेक्टर जनरलने २०१९ मध्ये त्या याद्यांतल्या चुका दाखवल्या आणि २०२१ मध्ये कायद्यातले अपवाद काढले गेले.

फेडरल सरकार शहराच्या कर्मचाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात स्पष्ट केलं. तो खटला बंदूक खरेदीदारांच्या तपासणीचा होता आणि तो आणला होता शेरीफांनी. पुराणमतवादी कौन्सिल सदस्यांशी बोलताना ही पार्श्वभूमी फार उपयोगी पडते.

काउंटरवर अधिकारी आला तर

शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळं यांना फेडरल धोरणाने दिलेलं विशेष संरक्षण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे प्रत्येक इमारतीसाठी एक पानाची सूचना तयार हवी, लॅमिनेट केलेली, काउंटरच्या आतल्या बाजूला. तिच्यात हे असावं:

१. अधिकाऱ्याचं नाव, यंत्रणा आणि बॅज क्रमांक लिहून घ्या.
२. 'मला परवानगी देण्याचा अधिकार नाही, मी वरिष्ठांना बोलावतो' एवढंच सांगा. वरिष्ठाचं नाव, त्यांच्या गैरहजेरीत दुसऱ्याचं नाव आणि दोघांचे फोन सूचनेवरच छापा.
३. कागद घ्या आणि वर कोणाचं नाव आहे ते पाहा. न्यायालयीन वॉरंटवर न्यायालयाचं नाव असतं, बहुधा 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट', आणि न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही असते. वर 'डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी' असेल तर ते प्रशासकीय वॉरंट. त्याच्या जोरावर संमतीशिवाय आतल्या भागात शिरता येत नाही.
४. वॉरंट न्यायालयीन असेल तर पत्ता आणि तारीख जुळते का ते पाहा, प्रत घ्या आणि बाजूला व्हा.
५. समन्स असेल तर ते सिटी अ‍ॅटर्नीकडे पाठवा. आइसचं प्रशासकीय समन्स न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय सक्तीने लागू होत नाही.
६. खोटं बोलू नका, कोणाला लपवू नका, कागद फाडू नका, वाट अडवू नका. हे गुन्हे ठरू शकतात.

आणखी एक बारकावा. लॉबी, प्रतीक्षागृह, लायब्ररीचा वाचन-कक्ष या जनतेसाठी खुल्या जागा आहेत. तिथे कोणालाही वॉरंटशिवाय येता येतं. म्हणून इमारतीत कुठून पुढे 'फक्त कर्मचारी' हे पाटी लावून ठरवावं लागतं, आणि मुलाखतीच्या खोल्या त्या रेषेच्या आत घ्याव्या लागतात. दवाखान्यात रुग्णांच्या नावांचा फळा लॉबीतून दिसत असेल तर तो हलवा. आणि ही सूचना वर्षातून एकदा रिसेप्शनवर बसणाऱ्या माणसाबरोबर प्रत्यक्ष करून पाहा. ईमेलने पाठवलेली सूचना त्या माणसापर्यंत बहुतेक वेळा पोचलेलीच नसते, कारण तो कंत्राटी सुरक्षारक्षक असतो.

यू व्हिसाची सही

गंभीर गुन्ह्याचा बळी ठरलेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या स्थलांतरितांसाठी २००० सालच्या कायद्याने यू व्हिसा आला. वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांची मर्यादा आहे आणि रांग कित्येक वर्षांची आहे. अर्ज करायलाच आधी एक कागद लागतो: आय-९१८ चं पुरवणी 'बी', ज्यावर पोलीस, सरकारी वकील किंवा अशाच यंत्रणेची सही असते. ही सही स्थानिक पातळीवर होते आणि अडवणूकही तिथेच होते.

खातेप्रमुखाने लेखी नेमलेला सही करणारा अधिकारी हवा, आणि त्याला पर्यायी अधिकारीही हवा. फक्त पोलीस प्रमुखच सही करतात अशा खात्यात ते रजेवर गेले की सगळं थांबतं. उत्तराची मुदत ठरवा. कॅलिफोर्नियाने कायद्यानेच मुदत घातली आहे, इतरत्र ३० दिवस मागणं वाजवी आहे. सही अर्ज दाखल होण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतली असावी लागते, म्हणून जुन्या सहीचं नूतनीकरण लवकर व्हावं अशी सोय ठेवा. नकार लेखी आणि कारणासह द्यावा, आणि त्याचा फेरविचार दुसऱ्या अधिकाऱ्याने करावा. आरोपीला शिक्षा झालेली नाही, केस जुनी आहे किंवा केस बंद झाली, या कारणांनी सही नाकारली जाते, पण फेडरल कायद्यात अशी अटच नाही. हे वाक्य धोरणात जसंच्या तसं लिहा. सही म्हणजे व्हिसा देणं नव्हे हेही लिहा. ते वाचल्यावर सही करणाऱ्याचा हात मोकळा होतो.

हा विषय व्हिसावर आलेल्या मराठी कुटुंबांपासूनही लांब नाही. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या बाईला घरात मारहाण होत असेल तर पोलिसांना फोन केल्यास नवऱ्याची नोकरी आणि सगळ्यांचाच व्हिसा जाईल, या भीतीने ती गप्प राहते. एच-१बीधारकाच्या छळ झालेल्या जोडीदाराला स्वतंत्रपणे कामाची परवानगी मागता येते. त्यासाठी आय-७६५व्ही हा वेगळा फॉर्म आहे. शहराच्या कौटुंबिक हिंसाचार मदत केंद्रात ही माहिती आहे का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी नसते.

भाषा

फेडरल निधी घेणाऱ्या प्रत्येक शहराला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण लागू आहे. राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करायचा नाही, आणि लाऊ विरुद्ध निकल्स (१९७४) पासून भाषेची अडचण त्यात धरली गेली. भाषा-सेवेबाबतचा २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, मूळ कायदा जागेवर आहे. म्हणून शहराचा स्वतःचा नियम आता जास्त गरजेचा आहे. न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने दहा भाषा ठरवल्या. लहान शहराला दहा लागणार नाहीत, पण फोनवरच्या दुभाषाचा करार सगळ्या खात्यांसाठी एकच असावा आणि त्याचा पिन काउंटरवर चिकटवलेला असावा. नाहीतर पैसे भरलेले असतात आणि सेवा कोणी वापरत नाही.

भाषा देशावरून ठरवू नका. ग्वाटेमालातून आलेला माणूस स्पॅनिश बोलत असेलच असं नाही. माम किंवा किचे ही त्याची भाषा असते, तो स्पॅनिश दुभाषापुढे नुसती मान हलवतो आणि ती होकार म्हणून नोंदली जाते. भारतीय दिसला की हिंदी दुभाषा लावणं हीही याच जातीची चूक. 'घरी कोणती भाषा बोलता?' हा प्रश्न आणि भाषांच्या नावांचं कार्ड पुढे ठेवणं, एवढ्याने हे टळतं. मुलांना दुभाषा म्हणून वापरायची मनाई लेखी हवी, विशेषतः पोलीस आणि दवाखान्यात.

ओळखपत्र आणि वकील

न्यू हेवनने २००७ मध्ये देशातलं पहिलं शहरी ओळखपत्र काढलं. मंजुरीनंतर दोनच दिवसांत तिथे आइसचे छापे पडले. न्यूयॉर्कने २०१५ मध्ये आयडीएनवायसी आणलं आणि त्याला संग्रहालयांची मोफत वार्षिक सदस्यत्वं जोडली. ते फार शहाणपणाचं होतं, कारण नागरिकांनीही कार्ड काढलं. फक्त कागदपत्रं नसलेल्यांनीच काढलेलं कार्ड हीच त्यांची ओळख होऊन बसते. अर्जातल्या कागदांच्या प्रती ठेवू नका, नाहीतर उद्या कोणी सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली यादी मागेल. कार्ड सुरू करण्याआधी बँकांशी लेखी बोलणी करा. न्यूयॉर्कमध्ये मोठ्या बँकांनी ते मुख्य ओळखपत्र म्हणून मानलं नाही, लहान बँका आणि क्रेडिट युनियननी मानलं. ही बोलणी करायची तयारी नसेल तर कार्डाचा नाद सोडा, बाकीच्या गोष्टी जास्त उपयोगाच्या आहेत.

इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये व्हॅरिक स्ट्रीटच्या कोर्टात डांबलेल्यांसाठी शहराच्या पैशाने वकील द्यायला सुरुवात केली. व्हेरा इन्स्टिट्यूट या न्यायव्यवस्थेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या अभ्यासात वकील नसलेल्यांचं यश सुमारे ४ टक्के होतं, ते या योजनेत सुमारे ४८ टक्क्यांवर जाईल असा अंदाज निघाला. छोट्या शहराने शेजारच्या काउंटीसोबत एकत्र निधी करावा आणि पैसे काम चालू असलेल्या ना-नफा संस्थेला द्यावेत. वकील कमी असतील तर न्याय खात्याने मान्यता दिलेले, वकील नसलेले प्रतिनिधीही चालतात. मात्र रोख मदत देण्याआधी थांबा: १९९६ च्या कल्याण कायद्यानुसार कागदपत्रं नसलेल्यांना स्थानिक निधीतून काही प्रकारचे लाभ द्यायला राज्याने स्वतंत्र कायदा केलेला असावा लागतो. लसीकरणाला कायद्यातच सूट आहे. लंगरासारखं अन्नछत्र, तात्पुरता निवारा अशा गोष्टींना असलेली सूट मागे घेण्याचा आदेश न्याय खात्याने २०२५ मध्ये काढला, म्हणून त्याबाबत आधी सिटी अ‍ॅटर्नीला विचारा.

कौन्सिलमधून पास करून घेताना

ठराव, महापौरांचा आदेश आणि कायदा यांत फरक आहे. ठराव म्हणजे इच्छा, आदेश पुढच्या महापौराला एका सहीने मागे घेता येतो, कायदा बदलायला पुन्हा मतदान लागतं. फॉर्म आणि प्रशिक्षण आदेशाने सुरू करा, पोलीस आणि तुरुंगाची कलमं कायद्यात घाला.

कायद्याचं वाचन बहुतेक ठिकाणी दोन सभांमध्ये होतं. विषयपत्रिका आधी जाहीर होते, कॅलिफोर्नियात नियमित सभेच्या किमान ७२ तास आधी. तोवर मतं बहुधा ठरलेली असतात, म्हणून सदस्यांना त्याआधीच भेटा. सभेत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. व्हिसावर असलेल्यांनाही बोलता येतं, पण सभेचं चित्रण कायम राहतं. कागदपत्रं नसलेल्या कोणालाही व्यासपीठावर स्वतःची स्थिती सांगायला लावू नका, गोष्ट कितीही परिणामकारक असली तरी. बाहेर कोणी मतदार नोंदणीचा कागद पुढे केला तर नागरिक नसलेल्यांनी त्यावर सही करू नये. मेरीलँडमधलं टाकोमा पार्क १९९२ पासून नागरिक नसलेल्यांना शहराच्या निवडणुकीत मत देऊ देतं, पण असे अपवाद थोडेच आहेत, आणि चुकीची नोंदणी नागरिकत्वाच्या अर्जात आडवी येते.

फेडरल निधी थांबेल ही भीती हमखास मांडली जाते. तिला उत्तर म्हणून वित्त विभागाकडून एक यादी मागा: कोणता अनुदान-करार, किती रक्कम, आणि इमिग्रेशनविषयी नेमकी कोणती अट. २०१७ मध्ये पोलीस अनुदानांवर घातलेल्या अशा अटींना शिकागोने आव्हान दिलं आणि सातव्या सर्किटने २०१८ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या सर्किटने मात्र २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या विरोधात दिला. म्हणजे धोका आहे, पण तो मोजता येतो, आणि आकडा समोर आला की चर्चा शुद्धीवर येते.

कायद्यातच वार्षिक अहवालाचं कलम घाला. त्यात हवं ते असं: किती डिटेनर आले, किती मान्य केले, किती सुटका कळवल्या, यू व्हिसाच्या किती मागण्या आल्या आणि सरासरी किती दिवसांत उत्तर गेलं, फोनवरच्या दुभाषाची मिनिटं खात्यानुसार किती. नावं, देश किंवा केस क्रमांक या अहवालात येता कामा नयेत. आणि काउंटीच्या मोठ्या तुरुंगाकडून 'डिटेनर: शून्य' असा आकडा आला तर आनंद मानण्याआधी लॉग कोण लिहितं ते विचारा. डिटेनर नोंदणी-कक्षाच्या ईमेलवर येतात आणि लॉग वेगळ्याच विभागाकडे असतो, असं बऱ्याचदा निघतं.